बालवाडीतला लोकसहभाग फुकट होत नाही : सरकारी पैसा नेमका कशावर खर्च व्हावा?

घरभेट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

बरेच दिवस मनात घोळतंय ते आज सविस्तर लिहिते. मी १४ वर्षं बालवाडीत तीन ते सहा वयाच्या मुलांना शिकवलं. गेली ५ वर्षं बालवाडी आणि तिच्या आसपासची वस्ती यांना जोडायचं काम करते. टोपणनावावरून जीव कशात अडकलाय ते कळेलच.

मधल्या काळात आमच्या बालवाड्यांना एक सरकारी निधी मिळाला. लहान मुलांच्या शिक्षणात पालकांचा आणि वस्तीचा सहभाग वाढावा हाच त्याचा हेतू, मुदत ३ वर्षं. मंजुरीचं पत्र आलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. मग खर्चाची शीर्षं वाचली. खेळणी, सतरंज्या, भिंतींची रंगरंगोटी, माहितीफलक, वर्षातून एक पालक मेळावा, एक दिवसाचं प्रशिक्षण. घरभेटींसाठी एक ओळही नव्हती. विचारलं तर उत्तर आलं, "भेटायला तर तुम्ही जाताच की ताई. त्याला वेगळे पैसे कशाला?"

त्या 'जाताच की'मध्ये काय काय असतं ते सांगते. आमच्याकडे एक मुलगी दोन महिने वर्गात एक शब्द बोलली नव्हती. तिच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा दाराला कुलूप. दुसऱ्यांदा आई कामावर निघत होती, उभ्या उभ्या दोन वाक्यं झाली. तिसऱ्या खेपेला आजी भेटली आणि कळलं की ही पोर घरात अखंड बडबड करते, फक्त आजीच्या भाषेत. ती भाषा वर्गात कुणालाच येत नव्हती. आजीला बालवाडीत यायला राजी करायला आणखी चार भेटी लागल्या, कारण आजी म्हणायची, "मी अडाणी, मी तिथे येऊन काय करू?" शेवटी आली. पहिले काही दिवस दाराशी बसून राहिली, मग एक दिवस तिने गोष्ट सांगितली. नात ती गोष्ट इतर मुलांना समजावून सांगायला लागली! पुढे आणखी दोन आज्या यायला लागल्या आणि दर गुरुवारी गोष्टींचा तास ठरून गेला.

अहवालात यातलं काहीही गेलं नाही. तिथे रकाने होते ते लाभार्थी किती, सभा किती, उपस्थिती किती.

तिसऱ्या वर्षी निधी संपला. जी सेविका आज्यांना बोलवायला जायची, कुणाची तब्येत बरी नाही ते लक्षात ठेवायची, तिला दुसरीकडे जास्त पगाराचं काम मिळालं आणि ती गेली. दोन महिन्यांत गुरुवारचा तास बंद पडला. आज्यांची इच्छा तेव्हाही होती, बोलवायला जाणारं माणूस उरलं नव्हतं. भिंतीवरची चित्रं अजून छान दिसतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. बालवाडी आणि वस्ती यांचं नातं जपायला माणूस लागतो, त्या माणसाचा वेळ लागतो, आणि सरकारी अंदाजपत्रकात त्या वेळेला स्वतःची जागा हवी. लोकसहभाग म्हणजे आपसूक आणि विनामोबदला होणारी गोष्ट, ही समजूत जोवर आहे तोवर पैसा सतरंज्यांवरच जाणार. तुमचे अनुभव, वाचन, विरोध, सगळं ऐकायचं आहे.

---

मधलीसुट्टी

गुरुवारच्या तासाचं वाचून गलबलून आलं. आमच्याकडच्या बालवाडीत पण थेट असंच झालं होतं, फक्त आज्यांच्या जागी एक सुतारकाम करणारे आजोबा होते. +१.

---

चौथीखिडकी

घरभेट ताई, तुम्ही जे अनुभवातून सांगताय त्याला भक्कम पुरावा आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

इंग्लंडमध्ये १९९९ पासून लहान मुलं आणि त्यांच्या कुटुंबांसाठी 'शुअर स्टार्ट' नावाचे स्थानिक कार्यक्रम सुरू झाले. गरीब वस्त्या निवडल्या आणि प्रत्येक ठिकाणी एक मंडळ नेमलं. त्या मंडळावर पालक होते, आरोग्य आणि शिक्षण खात्याची माणसं होती, स्वयंसेवी संस्था होत्या. आपल्या वस्तीत काय करायचं हे बऱ्याच अंशी त्या मंडळानेच ठरवायचं. पैसाही सढळ होता आणि त्यातला मोठा हिस्सा घरोघरी पोचण्यावर खर्च व्हायचा. पुढे काही वर्षांतच धोरण बदललं. हाच प्रकार देशभर न्यायचा ठरला, कारभार स्थानिक प्रशासनाकडे गेला आणि 'चिल्ड्रन्स सेंटर' उभी राहिली. २०१० च्या सुमारास अशी ३५०० हून जास्त केंद्रं होती. केंद्रं वाढली तसा दर केंद्रामागचा पैसा घटला आणि पालकांच्या हातातला निर्णयही गेला. २०१० नंतर या कामासाठी राखून ठेवलेल्या निधीचं कुंपण काढलं, म्हणजे तो पैसा दुसरीकडे वळवायची मुभा मिळाली, आणि मग कपात आणि टाळेबंदी सुरू झाली.

खरी गोष्ट यापुढची. लंडनच्या इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेने २०२४ मध्ये ती मुलं सोळाव्या वर्षी परीक्षेत कशी ठरली ते तपासलं. लहानपणी शुअर स्टार्टच्या जवळ राहिलेल्या मुलांना चांगले गुण मिळाले होते. शाळेत मोफत जेवणासाठी पात्र असलेल्या, म्हणजे सर्वांत गरीब घरांतल्या मुलांना तर सगळे विषय मिळून साधारण ३ श्रेणींचा फायदा दिसला. आणि हा फायदा जवळजवळ पूर्णपणे सुरुवातीच्या त्या स्थानिक कार्यक्रमांमुळे होता. नंतर थेट केंद्र म्हणून उघडलेल्या जागांचा तसा परिणाम आढळला नाही.

सरकार तेच होतं आणि वयोगटही तोच. मधल्या काळात आटलं ते वस्तीशी असलेलं नातं आणि त्यामागचा पैसा.

अमेरिकेतला पेरी प्रीस्कूलचा प्रयोगही (१९६२ ते १९६७) आठवतो. मुलं १२३, त्यातली ५८ प्रत्यक्ष कार्यक्रमात. त्यांच्या चाळिशीपर्यंत आणि त्यापुढेही अभ्यास चालू राहिला. नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन आणि सहकाऱ्यांनी या गुंतवणुकीचा समाजाला मिळणारा परतावा वर्षाला ७ ते १० टक्के काढला, तो आकडा सगळे सांगतात. त्या कार्यक्रमात शिक्षिका दर आठवड्याला प्रत्येक मुलाच्या घरी दीड तास जायची, हे मात्र फार थोडे सांगतात. परतावा सगळ्यांना हवाय, तो दीड तास कुणी अंदाजपत्रकात धरत नाही.

---

आकडेमोड

मी सरकारी लेखा विभागात नोकरी करते. टेबलाच्या दुसऱ्या बाजूने लिहिते आहे, राग मानू नका.

सतरंजीवर पैसा का जातो? सतरंजीचं बिल मिळतं. ती नोंदवहीत चढवता येते, लेखापरीक्षक आला की दाखवता येते. घरभेटीचं बिल नसतं. "दाराला कुलूप होतं" या भेटीचा खर्च मी कुठल्या शीर्षाखाली टाकू? टाकला तर उद्या आक्षेप माझ्यावर येणार. मी पाहिलेले बहुतेक अधिकारी वाईट नव्हते, पण आक्षेपाला सगळेच घाबरतात.

दुसरं, पैसा वर्षाच्या हिशेबाने येतो. पहिला हप्ता येईपर्यंत निम्मं वर्ष सरतं. दुसरा हप्ता मागायचा तर पहिला ठरल्या कामावर खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र लागतं. वर्षअखेरीला उरलेली रक्कम परत जाते आणि पुढच्या वर्षी "खर्च करू शकला नाहीत" म्हणून तरतूद कापली जाते. मग उरलेल्या दोन महिन्यांत काय विकत घेता येईल हाच विचार होतो. दोन महिन्यांत नातं विकत मिळत नाही, फलक मिळतात.

चौथीखिडकी, तुमच्या शुअर स्टार्टबद्दल एक पुस्ती. २००५ च्या सुमारास त्याचं जे पहिलं राष्ट्रीय मूल्यमापन झालं त्याचे निष्कर्ष संमिश्र होते. काही अतिशय अडचणीतल्या कुटुंबांच्या बाबतीत तर परिणाम उलटे दिसले होते. त्या वेळी माझ्यासारखी कुणी फाईल हाताळत असती तर तिने प्रामाणिकपणे "निष्पत्ती नाही" असा शेरा मारला असता. खरं फळ दिसायला वीस वर्षं लागली. वीस वर्षं थांबणारं लेखाशीर्ष कसं बनवायचं, हा माझ्यासाठी खरोखरचा प्रश्न आहे.

---

मतभेद

मला या सगळ्या चर्चेत एक धोका दिसतो.

लहान मुलांचं शिक्षण ही सरकारची जबाबदारी आहे. युनिसेफने २०१९ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार जगात पूर्वप्राथमिक वयाची १७.५ कोटींहून जास्त मुलं कुठल्याच बालवाडीत नव्हती. युनेस्कोच्या बालशिक्षण परिषदेनंतर निघालेल्या ताश्कंदच्या २०२२ च्या जाहीरनाम्यात देशांनी शिक्षणखर्चातला किमान १० टक्के वाटा पूर्वप्राथमिकला द्यावा असं ठरलं. गरीब देशांत तो वाटा सरासरी २ टक्क्यांच्या आसपास आहे. अशा वेळी 'लोकसहभाग', 'भागीदारी' हे शब्द कानावर आले की मी आधी विचारतो, ही भागीदारी कशात? निर्णयात की फक्त कष्टात?

कोलंबियात १९८० च्या दशकात वस्तीतल्या बायकांनी आपल्याच घरात शेजारची मुलं सांभाळायची अशी सरकारी योजना आली. 'सामुदायिक माता' असं गोड नाव दिलं. लाखो मुलं त्यांनी वाढवली. त्यांना मिळायचं ते मानधन, किमान वेतनाहून कमी, कारण सरकारदरबारी त्या कामगार नव्हत्याच, समाजसेविका होत्या. मोर्चे, संप, कोर्टकचेऱ्या करता करता २०१४ मध्ये त्यांना किमान वेतनाची नोकरी मिळाली. मधल्या पाव शतकात कित्येकींचं वय उलटून गेलं आणि हातात निवृत्तिवेतन नाही.

आपल्या 'मानधन' या शब्दाचाही मला राग येतो. मान देतो म्हणून धन कमी, असा त्याचा व्यवहारातला अर्थ झालाय.

---

घरभेट

मतभेद, तुमचा राग मला पटतो. मीही १४ वर्षं मानधनावरच होते. म्हणूनच धाग्याचं शीर्षक 'फुकट होत नाही' असं ठेवलं. आजीने गोष्ट सांगायला यावं याचे मी पैसे मागत नाही (तो तिचा आनंद होता, आणि पैसे दिले असते तर ती रागावलीच असती). मी मागते आहे ते आजीपर्यंत सात वेळा जाणाऱ्या बाईच्या पगारासाठी.

आकडेमोड ताई, राग कसला! उलट ही बाजू पहिल्यांदाच नीट समजली. पुढेही लिहा.

---

जुनीपाटी

मी निवृत्त शिक्षक. दोन जुन्या गोष्टी सांगतो.

१९४५ चा वसंत, इटलीतल्या रेज्जो एमिलियाजवळचं व्हिला चेल्ला नावाचं गाव. युद्ध संपून काही दिवसच झालेले. जर्मन सैन्य पळताना एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे मागे टाकून गेलं होतं. गावकऱ्यांनी ते विकले आणि आलेल्या पैशातून लहान मुलांची शाळा बांधायला घेतली. बॉम्बने पडलेल्या घरांच्या विटा धुतल्या, नदीतून वाळू आणली. लॉरिस मालागुझ्झी नावाचा तरुण शिक्षक सायकलवरून पाहायला गेला आणि तिथलाच झाला. आज जगभरातले शिक्षक तिकडे शिकायला जातात.

गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपवतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, बघा, लोकांनी सरकारशिवाय करून दाखवलं. तसं नाही. लोकांनी चालवलेल्या त्या शाळा पैशाअभावी धापा टाकत होत्या. पालकांनी, विशेषतः तिथल्या महिला संघटनांनी, नगरपालिकेच्या मागे वर्षानुवर्षं लकडा लावला. १९६३ मध्ये नगरपालिकेची पहिली बालशाळा सुरू झाली आणि पुढे लोकांच्या शाळाही नगरपालिकेने चालवायला घेतल्या. पगार, इमारत, साहित्य सार्वजनिक पैशातून. तरी कारभारात पालकांच्या, शिक्षकांच्या आणि गावकऱ्यांच्या समित्या कायम राहिल्या. रणगाडा विकून शाळा उभी राहते, साठ-सत्तर वर्षं चालते ती करातून.

दुसरी आपल्या घरची. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, पुढे दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. पाड्यांवरची मुलं शाळेत येत नव्हती. का येत नाहीत हे बघायला त्या पाड्यावर गेल्या, आणि शाळाच अंगणात भरवली. अंगणवाडी या शब्दाचा जन्म त्यातला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू झाली तेव्हा सरकारने तो शब्द उचलला. त्या शब्दात मुलाच्या दारी जाणं होतं. योजनेत आल्यावर अंगणवाडी म्हणजे एक खोली झाली आणि सेविकेच्या डोक्यावर नोंदवह्यांचा ढीग आला. घरभेट कागदावर राहिली, पण तिला वेळ कुठून मिळणार हे कुणी सांगितलं नाही. मला याची फार खंत आहे.

---

रानपाखरू

मी फक्त पालक आहे. मुलगा चार वर्षांचा. मी रात्रपाळी करतो, बायको दिवसा कामाला.

पालकसभा नेहमी सकाळी अकराला. त्या वेळी मी झोपलेला असतो, कारण संध्याकाळी परत निघायचं असतं. दोन वर्षांत एकाही सभेला गेलो नाही. एकदा मुलाला सोडायला गेलो तेव्हा बाईंच्या टेबलावर वही उघडी होती. माझ्या नावापुढे 'उदासीन' लिहिलं होतं. दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही. मी घरी आल्यावर झोपायच्या आधी रोज त्याला अर्धा तास घेऊन बसतो. नट-बोल्ट मोजतो आम्ही. तो मला मोठ्याकडून लहानाकडे लावून दाखवतो.

नंतर नव्या सेविका आल्या. त्या एकदा संध्याकाळी सातला घरी आल्या, मी निघायच्या बेतात होतो. त्यांनी विचारलं, "तुम्ही याच्याशी काय खेळता?" हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. नट-बोल्टचं सांगितलं तर म्हणाल्या, वर्गासाठी थोडे द्याल का? दुसऱ्या दिवशी डबाभर दिले. आता सगळी पोरं त्यावर खेळतात.

संध्याकाळी सातला येण्याचे त्यांना पैसे मिळतात का, हे मी त्यांना विचारलं नाही. धागा वाचून कळलं की मिळत नसणार.

---

मधलीसुट्टी

रानपाखरू दादा, 'उदासीन' वाचून वाईट वाटलं. अशा नोंदी करणाऱ्यांनी तुमचा प्रतिसाद वाचायला हवा.

---

आकडेमोड

काल रात्री जुनीपाटी सर आणि रानपाखरू यांचं वाचून झोप लागली नाही. मी आजवर शेकडो उपस्थितीपत्रकं तपासली असतील. त्यात सभेची वेळ काय होती हा रकानाच नसतो.

तर काय करता येईल यावर थोडं. अमेरिकेत १९६५ पासून 'हेड स्टार्ट' चालू आहे, गरीब घरांतल्या मुलांसाठी. त्याच्या आर्थिक नियमांतल्या तीन गोष्टी मला उपयोगाच्या वाटतात. २००७ च्या कायद्यानंतर तिथे अनुदान ५ वर्षांच्या मुदतीचं झालं. काम असमाधानकारक असेल तर पुढच्या मुदतीसाठी इतरांशी स्पर्धा करावी लागते, पण दरवर्षी नव्याने हात पसरावे लागत नाहीत. मग प्रत्येक कार्यक्रमाला एक धोरण परिषद असते, तिच्यात चालू वर्षी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांचं बहुमत लागतं, आणि अंदाजपत्रकावर व नेमणुकांवर तिचं मत घ्यावंच लागतं. तिसरी गोष्ट, केंद्र सरकार साधारणपणे ८० टक्के देतं आणि २० टक्के स्थानिक वाटा लागतो, पण तो रोखच हवा असं नाही. स्वयंसेवकांचे तास, वापरायला दिलेली जागा, यांची रीतसर किंमत धरता येते.

म्हणजे वेळेचा हिशेब ठेवता येतो! त्याची पत्रकं आहेत, दर आहेत, लेखापरीक्षण होतं. आमच्यासारख्यांची "वेळेचं बिल नसतं" ही सबब इतकी भक्कम नाही.

---

मतभेद

२० टक्के स्थानिक वाटा! ताई, इथेच तर मेख आहे. सुखवस्तू वस्तीत फावला वेळ असलेले पालक भरपूर मिळतील, हॉल मिळेल, तास भरतील. रानपाखरूंच्या वस्तीत कोण तास भरणार? ज्यांना सर्वांत जास्त गरज त्यांच्याच गळ्यात अट. आणि तास भरणारे पालक म्हणजे नव्वद टक्के वेळा आया असतात, हे वेगळं सांगायला नको.

---

आकडेमोड

बरोबर आहे. तिथेही अडचणीतल्या वस्त्यांना ती अट माफ करायची सोय आहे, पण माफी मागावी लागते, आणि मागायला कागदपत्रं लागतात. मी असं सुचवेन की वस्तीने दिलेला वेळ मोजावा तो पात्रतेची अट म्हणून नाही, नोंद म्हणून. लोकांनी किती दिलंय ते सरकारला दिसावं यासाठी.

---

चौथीखिडकी

मतभेद यांचा मूळ प्रश्न, "भागीदारी निर्णयात की कष्टात", यावर दोन प्रसंग.

१९६५ च्या उन्हाळ्यात हेड स्टार्टच्याच पैशातून मिसिसिपी राज्यात 'चाइल्ड डेव्हलपमेंट ग्रुप ऑफ मिसिसिपी' उभा राहिला. सुमारे ६००० मुलं, बहुतेक कृष्णवर्णीय. केंद्रं वस्तीच्या समित्या चालवायच्या. शेतमजूर, मोलकरीण म्हणून राबलेल्या बायका तिथे शिक्षिका झाल्या, आणि त्यांना पगार सरकारी तिजोरीतून मिळत असल्यामुळे गोऱ्या मालकाच्या मर्जीवर राहायची गरज उरली नाही. हीच गोष्ट सत्तेला टोचली. सिनेटर जॉन स्टेनिस यांनी हिशेबातल्या त्रुटी पुढे केल्या, १९६६ मध्ये निधी थांबवला गेला. बराच गदारोळ झाल्यावर काही निधी परत मिळाला, पण दोन-तीन वर्षांत संस्था संपली. हिशेबात त्रुटी होत्याच, त्या नाकारण्यात अर्थ नाही. पण नवख्या संस्थेला हिशेब शिकवायलाही पैसा लागतो, तो कुणी दिला नाही.

दुसरा न्यूझीलंडमधला. माओरी भाषा मरू लागली तेव्हा १९८२ मध्ये 'कोहांगा रेओ' म्हणजे 'भाषेचं घरटं' सुरू झालं. मोठी माणसं लहानग्यांशी फक्त माओरीत बोलणार, आणि कारभार कुटुंबांचा. दहा-अकरा वर्षांत ८०० च्या घरात घरटी झाली. मधेच, १९९० च्या सुमारास, ती शिक्षण मंत्रालयाच्या कक्षेत आली होती. पैसा मिळाला, पण सर्वसाधारण बालवाड्यांच्या मापाने. अस्खलित माओरी बोलणारी आजी त्या मापात बसेना, कारण तिच्याकडे पदविका नव्हती. हळूहळू संख्या घटत गेली. २०१२ मध्ये, सरकारविरुद्धच्या माओरींच्या तक्रारी ऐकणाऱ्या वैतांगी न्यायाधिकरणाने सांगितलं की सरकारची निधी देण्याची आणि गुणवत्ता मोजण्याची पद्धत कोहांगाच्या गरजांना न्याय देणारी नव्हती.

घरभेट ताईंची गुरुवारची आजी आणि ही आजी मला एकच वाटतात.

---

साधीसरळ

वाचनमात्र होते, आज राहवलं नाही. आमच्या बालवाडीत समिती आहे, समितीत पालक आहेत, आणि तरी काही होत नाही. कारण समितीत गेली नऊ वर्षं तीच पाच माणसं. त्यातल्या तिघांची मुलं आता कॉलेजात आहेत. निधी आला की कंत्राट कुणाला जाणार हे आधीच ठरलेलं. आम्ही बायका मागे बसतो आणि सही करतो. 'समुदाय' म्हणून जो हात पुढे येतो तो बहुतेक वेळा आधीच लांब असलेला हात असतो. यावर कुणाकडे काही उपाय आहे का? खरंच विचारते आहे.

---

घरभेट

साधीसरळ, तुम्ही या धाग्यातला सर्वांत अवघड प्रश्न विचारलात. मी जे करून पाहिलं ते सांगते.

आम्ही एका बालवाडीत नियम केला की समितीत सध्या शिकणाऱ्या मुलाचेच पालक. मूल पहिलीत गेलं की पालक समितीतून बाहेर. क्वेबेक प्रांतातल्या सार्वजनिक बालकेंद्रांच्या मंडळावर दोन-तृतीयांश जागा त्या केंद्रातल्या मुलांच्या पालकांनाच असतात हे वाचलं होतं, त्यावरून सुचलं. निम्म्या जागा आम्ही चिठ्ठ्या टाकून भरल्या. निवडणूक घेतली की तीच तोंडं येतात, चिठ्ठीत एकदा भंगार वेचणाऱ्या ताईंचं नाव आलं. त्या म्हणाल्या, मला वाचता येत नाही. मग जमाखर्च मोठ्याने वाचायची पद्धत पडली, दर महिन्याला, बालवाडीच्या पायरीवर, सगळ्यांसमोर. पहिल्याच महिन्यात त्यांनी विचारलं, "चटया वीस, मुलं बारा, मग आठ चटया कुठायत?" ज्यांना वाचता येत होतं त्यांच्यापैकी कुणालाही हा प्रश्न पडला नव्हता.

मात्र यातही तेच. चिठ्ठ्यांची सभा भरवायला, ताईंची मजुरी बुडाली ती भरून द्यायला, जमाखर्च सोप्या भाषेत मांडायला कुणीतरी लागलं. तो वेळ आम्ही पदरचा घातला. मजुरी बुडते म्हणून ताई दोनदा आल्या नाहीत, तेव्हा मला अपराधी वाटलं. सभेला येणाऱ्याची मजुरी भरून देणं हा खर्च सरकारने मान्य केलाच पाहिजे यावर मी अडून बसणार आहे.

---

मतभेद

मजुरी भरून देण्याला माझा पूर्ण पाठिंबा. एवढं एक झालं तरी समित्यांचे चेहरे बदलतील. चिठ्ठीचं मला सुचलं नव्हतं.

एक भीती तरी राहतेच. उद्या सरकार म्हणेल, ठीक आहे, दुवा साधणाऱ्या माणसाचा पगार देतो, पण तो सेविकांच्या वाढीव वेतनातून वळवून. तेव्हा आपण एकमेकांविरुद्ध उभे राहू नये. मागणी वेगळ्या तरतुदीची हवी, आणि ती या कामासाठी राखीव हवी. शुअर स्टार्टचं कुंपण काढल्यावर काय झालं ते वर आलंच आहे.

---

घरभेट

मान्य. हे लिहून ठेवते.

आता एक विनंती. येत्या आठवड्यात आम्हाला पुढच्या टप्प्याच्या निधीसाठी सूचना पाठवायची संधी आहे. आकडेमोड ताई, खर्चाची शीर्षं फाईलवर टिकतील अशा भाषेत लिहायला मदत कराल का? मी साध्या भाषेत सांगते, तुम्ही सरकारी करा. दर बालवाडीमागे सेविकेच्या आठवड्यातले ठरावीक तास घरभेटींसाठी, वर्गाबाहेरचे आणि पगारी. कुलूप असलेल्या दाराची भेटही भेट धरावी. चार-पाच बालवाड्यांमागे एक पूर्णवेळ समन्वयक, निदान ५ वर्षांसाठी, म्हणजे माणूस मधेच सोडून जाणार नाही. सभेची बुडालेली मजुरी. दुभाषाचं मानधन, नाही, मेहनताना. समितीला हिशेब शिकवायला पहिल्या वर्षी वेगळी रक्कम. आणि एक छोटी रक्कम अशी, जिचं काय करायचं ते फक्त पालकांनी ठरवायचं, वर्षअखेरीला परत न जाणारी.

---

आकडेमोड

करते. कुलूप असलेल्या दारासाठी 'भेटीचा प्रयत्न' असा रकाना घालू, तारीख, वेळ आणि सेविकेची सही. भेटीचे दर ठरवून पैसे देऊ नका, नाहीतर भेटींचे आकडे फुगतील. तासांचा पगार द्या. परत न जाणारी रक्कम मिळणं अवघड आहे, पण 'पुढील वर्षात ओढण्याची मुभा' असं मागितलं तर मान्य होऊ शकतं. दुभाषाचं 'स्थानिक भाषा साहाय्य' या शीर्षाखाली बसेल. गोष्टी सांगणाऱ्या आजींचा प्रवासखर्चही त्यातच धरता येईल, त्यांना शिक्षणाची अट न घालता. मसुदा शनिवारपर्यंत इथेच टाकते, सगळ्यांनी चुका काढा.

---

जुनीपाटी

मसुदा मराठीतच ठेवा आणि पायरीवर वाचून दाखवता येईल असा ठेवा. मी भाषा तपासून देईन.

---

रानपाखरू

सभांच्या वेळेचा रकाना घालाल ना त्यात? आमच्या पाळीतले सात-आठ बाप आहेत, त्या बालवाडीत मुलं असलेले. सकाळी साडेसहाला पाळी सुटते. पावणेसातला बालवाडीच्या पायरीवर कुणी भेटणार असेल तर आम्ही थेट तिथेच येऊ.

---

घरभेट

पुढच्या मंगळवारी पावणेसातला मी असेन. किल्ली माझ्याकडेच आहे.